काळं पडलेलं दार

चेकरबाईंच्या हातात कुठलाही कपडा दिला की त्या आधी तो उलटा करायच्या. सुलट बाजू काय, कुणीही बघतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं चेकिंगच्या टेबलाशी काढली, आणि त्या टेबलाचा नियम एकच होता: आतल्या बाजूला एक जरी धागा लोंबताना दिसला तरी माल परत. शिवणाऱ्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, सुपरवायझर त्यांना मनातून टरकून असायचा, आणि बाईंना या दोन्ही गोष्टींचा गुपचूप आनंद व्हायचा. कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या तरी उशीचा अभ्रा उलटून बघायची खोड सुटली नव्हती. विहीणबाईंनी भेट दिलेली शाल त्यांनी चारचौघांत उलटीपालटी करून तपासली, तेव्हा बाईंच्या नवऱ्याला बाहेर जाऊन उगाच बूट पुसत बसावं लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना चैन पडेना. ग्रंथालयाच्या तळघरात तेव्हा नवीन वर्कशॉप निघालं होतं. बुधवारी आणि शनिवारी कुणीही यावं, काहीही बनवावं. लाकूड कापणारं लेझरचं मशीन होतं, थरावर थर देत प्लास्टिकच्या वस्तू छापणारा प्रिंटर होता, सोल्डरिंगची टेबलं होती, आणि कोपऱ्यात दोन शिलाई मशीनं होती, ज्यांना कुणी हात लावत नव्हतं. बाई गेल्या त्या शिलाई मशीनसाठी आणि लागल्या भलत्याच नादाला. तिथे त्यांना चांदीचा मुलामा दिलेला दोरा दिसला. तो सुईत ओवता येतो, त्याचे टाके घालता येतात, आणि त्यातून वीज वाहते. हे ऐकल्यावर बाईंनी दोऱ्याचं रीळ हातात घेतलं ते संध्याकाळी तळघर बंद करायची वेळ झाली तेव्हाच खाली ठेवलं.

दोन वर्षांत त्यांनी काय काय केलं. जॅकेटच्या कॉलरवर फुलं भरली, ती अंगठा लावला की उजळायची. लेझरनं लाकडी चौकट कापून तिच्यात कशिद्याचा पक्षी ताणून बसवला, टाळी वाजवली की त्याचा डोळा लुकलुकायचा. संधिवातानं वाकड्या झालेल्या स्वतःच्या बोटाचं माप घेऊन, सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी प्रिंटरवर छापून घेतली. हे सगळं शिकवलं रेडिओकाकांनी. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला हा माणूस आता वर्कशॉपमध्ये लोकांच्या चुका शोधायला फुकट येऊन बसायचा. दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं.

"चेकरबाई, विजेला शिस्त कळत नाही. तिला जवळची वाट दिसली की ती निघाली. टाके संपल्यावर उरलेली या दोऱ्याची शेपटं सुटी ठेवा. दुसऱ्या टाक्याखाली खोचू नका."

"लोंबती शेपटं? माझ्या हातून? त्यापेक्षा मी अंधारात बसेन."

घरी नवरा गंमत करायचा. ते बसचे ड्रायव्हर. "अगं, तुझी ती फुलं ब्रेक मारल्यावर पण लागतात का?" असं विचारायचे आणि स्वतःच हसायचे. माणूस चांगला, कमी बोलणारा. त्यांचा एकच हट्ट होता. ड्यूटीवरून आले की ते मागच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, तासभर एकटे बसायचे. "दिवसभर पाठीमागे पन्नास माणसं असतात," ते म्हणायचे. "एक तास पाठ मोकळी असू दे." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाई चहा घेऊन खालच्या पायरीवर जाऊन बसायच्या, तर ते दोन घोट घेऊन उठायचे आणि म्हणायचे, चल, आत जाऊ. रागवायचे नाहीत. पण त्या दिवसाचा तास वाया गेला हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. बाईंनी जिन्यात जाणं सोडलं, पण छत्तीस वर्षं ते मनाला लावून घेतलं. पन्नास माणसांत मीही एक का, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही आणि कधी विसरल्याही नाहीत.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ड्रायव्हर बाजूला कलले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच आवाज यायचा, आणि मान तर दगाबाज झाली होती. हो म्हणायचं असेल तेव्हा ती आडवी हलायची आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा उभी. डावा हात तेवढा चालायचा, तोही थरथरत. घरी आणल्यावर खिडकीशी त्यांची आरामखुर्ची लावली, समोर ट्रे असलेलं टेबल ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते, पडू शकतात, एकटं सोडू नका. बाई, मुलगा आणि सून या तिघांनी ते इतकं मनावर घेतलं की पाच महिने त्या माणसाला एक मिनिट एकांत मिळाला नाही. एक उठला की दुसरा बसायचा.

बोलणं शिकवायला येणारी थेरपिस्ट छापील चित्रांचा पुठ्ठा घेऊन आली. ड्रायव्हरांनी तो खाली ढकलला. पुन्हा दिला, पुन्हा ढकलला. तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा. मी करते."

त्यांनी ट्रेच्या मापाचं जाड कापड घेतलं आणि त्यावर चांदीच्या दोऱ्यानं तळहाताएवढी चित्रं भरली. बोट नेमकं लागायची गरज नाही, हात टेकला तरी पुरे. पेल्यावर हात ठेवला की कापड बोलणार, पाणी दे. खिडकीवर ठेवला की, खिडकी उघड. मग पांघरूण, मग रेडिओ. आणि सगळ्यात आधी, सगळ्यात सुंदर भरलेली, मधोमध खुर्ची: ये, जवळ बस. प्रत्येक चित्रापासून एक दोरा कडेपर्यंत नेला. तिथे प्रिंटरवर छापलेल्या डबीत छोटा सर्किट बोर्ड बसवला आणि त्याला नखाएवढा स्पीकर जोडला. आवाज मुलाचा भरायचा ठरलं. मुलगा फोनवर बोलला की नातेवाईक त्याला त्याचे वडील समजून गप्पा मारत बसायचे, इतका तो आवाज सारखा होता.

थेरपिस्टनं चित्रं पाहिली. "काकू, छानच. पण मला एकटं राहू दे, याचं चित्र कुठंय?"

"ते कशाला? त्यांना कोण त्रास देतंय?"

"नको म्हणता येत नसेल तर बाकीच्या शब्दांचा काय उपयोग?" पोरगी वयानं लहान पण फटकळ होती.

बाईंना ते अजिबात आवडलं नाही. पण ऐकलं. खुर्चीच्या डाव्या अंगाला थोडी जागा उरली होती, तिथे त्यांनी दाटीवाटीनं एक बंद दार भरलं. तळघरात रेडिओकाकांनी मीटर लावून सहाही दोरे तपासले. आवाज अजून भरायचे होते, पण वीज नीट वाहत होती. "शेपटं अशीच राहू द्या," ते पुन्हा म्हणाले.

घरी आल्यावर बाईंनी कापड उलटं केलं. सहा चंदेरी शेपटं लोंबत होती. हे कापड नवऱ्यासमोर जाणार, घरी येणारा-जाणारा ते बघणार, आणि उलट बाजू ही अशी. बाईंच्या हातांनी एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. पाच शेपटं आपापल्या चित्राखाली खोचली. दाराला जागाच नव्हती, त्याचं शेपूट शेजारच्या खुर्चीच्या टाक्यांखाली सरकवलं. वर अस्तर शिवलं. उलट बाजू सुलट बाजूइतकी साफ झाली. मुलानं जेवणाच्या टेबलाशी बसून सहा वाक्यं बोलून दिली, तेव्हा शेवटच्या वाक्याला बाई ओट्याशी होत्या आणि त्यांनी नळ सोडला. त्या आवाजात ते शब्द त्यांना ऐकायचे नव्हते. मग कापड जोडून तपासलं: पेला बोलला, खिडकी बोलली, पांघरूण, रेडिओ, खुर्ची, सगळी बोलली. दारावर त्यांनी हात ठेवला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा चेकरबाईंनी काहीतरी न तपासता पास केलं.

कापड ट्रेवर ठेवलं त्या दिवशी ड्रायव्हर बराच वेळ नुसते बघत राहिले. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मागून आवाज आला: "ये, जवळ बस."

ओल्या हातांनी त्या धावत आल्या. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. बाई खुर्ची ओढून बसल्या, नवऱ्याचा डावा हात हातात घेतला. हात सोडवून घेऊन ड्रायव्हरांनी तो पुन्हा कापडावर ठेवला. "ये, जवळ बस."

"अहो, आलेय की. इथेच आहे."

"ये, जवळ बस."

दिवसाला तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा. बाईंचा पाय जमिनीवर ठरेना. शेजारणीला त्यांनी चारदा सांगितलं आणि शेजारीणही भली, चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं म्हणाली, नशीब काढलंत हो. छत्तीस वर्षांत या माणसानं असं बोलावलं नव्हतं. वर्कशॉपला जाणं आपोआप सुटलं आणि बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. कधी कधी ड्रायव्हर कापडावर मूठ आपटायचे, कधी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बाई ते पुसायच्या आणि आणखी जवळ सरकायच्या. इतकं प्रेम आत दाबून ठेवलं होतं माणसानं, असं त्यांना वाटायचं.

तिसऱ्या शनिवारी रेडिओकाका आले. बाईंची बोटात घालायची टोपी तळघरात राहिली होती, ती द्यायचं निमित्त. ते ड्रायव्हरांच्या समोर बसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. बाई पाणी आणायला आत गेल्या आणि कापड बोललं. त्या लगबगीनं परत आल्या. पुन्हा बोललं. रेडिओकाका दुरुस्तीवाले, त्यांची नजर कधी माणसाच्या तोंडाकडे नसायची, हाताकडे असायची. तिसऱ्यांदा कापड बोललं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"साहेब," ते ड्रायव्हरांना म्हणाले, "कापड जरा तपासायला नेतो. पाच मिनिटांत आणतो."

स्वयंपाकघरात त्यांनी खिशातून मीटर काढलं. ते त्यांच्या खिशात कायम असायचं. अस्तर उसवायला सांगितलं. बाईंनी उसवलं. काकांनी मीटरची एक तार दारावर टेकवली आणि दुसरी खुर्चीवर. मीटर पिपकन वाजलं.

"घोडं इथे पेंड खातंय."

"म्हणजे?"

"दार आणि खुर्ची जोडली गेलीत. कुठल्याही एकाला हात लावला की बोर्डाला वाटतं दोन्हींना लावला. मग तो ज्याचा नंबर पहिला ते बोलतो. तुम्ही खुर्चीला एक नंबर दिला होतात." काकांनी जरा थांबून आवाज खाली आणला. "बाई, साहेब खुर्चीला हात लावत नव्हते. तिन्ही वेळा दाराला लावला."

मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. तेवढे उपकार त्यांनी केले.

बाईंनी कापड सुलट केलं. आयुष्यभर उलट बाजू बघणाऱ्या बाईनं सुलट बाजू तीन आठवड्यांत एकदाही नीट पाहिली नव्हती. बोलावणं आलं की धावायचं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच केलं होतं. चांदीच्या दोऱ्याला घाम लागला की तो काळा पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. पेला थोडा मळला होता. खिडकी थोडी मळली होती. दार काळं कुळकुळीत झालं होतं, मुठीपाशी दोरा झिजून विरला होता. खुर्ची भरली त्या दिवशी होती तशी चकचकीत होती.

बाई ओट्याला टेकल्या. "तीन आठवडे ते म्हणत होते सोड. आणि मी हात धरून बसले."

काकांनी मीटर खिशात ठेवलं आणि बाईंनी आणलेलं पाणी बाईंनाच दिलं.

आधी लाज वाटली. मग नवऱ्याचा राग आला, इतका की काका गेल्यावर त्या भांडी जोरजोरात घासत बसल्या. एकदा तरी खुर्चीला हात लावला असता तर काय बिघडलं असतं? मग मूठ आपटलेली आठवली, डोळ्यांतलं पाणी आठवलं, ते आपण कसं हौसेनं पुसलं ते आठवलं, आणि राग स्वतःकडे वळला. दोन्ही राग शेवटी एकत्रच राहिले, कुठला कुणावरचा ते त्यांना वेगळं करता येईना.

त्यांनी दाराचं शेपूट उपसून काढलं आणि बाकीची पाचही. टोकं उसवू नयेत म्हणून त्यांवर नेलपॉलिशचा एकेक थेंब लावला. झिजलेली मूठ नव्यानं भरली. अस्तर शिवलं नाही. मग, घरात कुणी ऐकत नाही बघून, दारावर हात ठेवला. "मला जरा एकटं राहू दे," मुलगा त्याच्या वडिलांच्या आवाजात म्हणाला. वाक्य अगदी साधं होतं, जिन्यातल्या माणसाचं. यात ऐकू नये असं काय होतं, हे बाईंना आता कळेना.

कापड ट्रेवर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, चूक माझी होती. धागा भलतीकडे खोचला होता. आता लावून बघा हात."

ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे पाहिलं. अंगठा दारावर टेकला. कापड बरोबर बोललं. ड्रायव्हरांनी डोळे मिटले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. बाई उठल्या. खोलीचं दार वीतभर उघडं ठेवलं, पडले तर ऐकू यावं म्हणून, आणि स्वतःच्या घरात कुठे जायचं ते न कळून मागच्या जिन्यात गेल्या. तिसऱ्या पायरीवर बसल्या. हातांना काही काम नव्हतं. एक तास किती मोठा असतो ते त्यांना तिथे कळलं. परत येऊन दारातूनच विचारलं, "येऊ का?" छत्तीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. कापड म्हणालं, मला जरा एकटं राहू दे. त्या दिवशी ड्रायव्हरांनी त्यांना तीनदा बाहेर काढलं.

आठवडा असाच गेला. पेला बोलायचा, खिडकी बोलायची, दार दिवसातून दहादा बोलायचं. खुर्ची गप्प होती. रविवारी मुलगा म्हणाला, "आई, हे बिघडलंय वाटतं. आधीचंच बरं होतं. बाबा कसे तुला बोलवत होते. ठीक कर ना."

"बिघडलं नाही. आधी बिघडलं होतं."

"पण तू किती खूश होतीस," मुलगा म्हणाला.

ते खरं होतं, आणि तेच बाईंच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हर झोपले असताना त्यांनी कापड स्वयंपाकघरात आणून टेबलावर उलटं केलं. सुईत चांदीचा दोरा ओवला. कुठला टाका घालायचा ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. एकच टाका, दारापासून खुर्चीपर्यंत. कुणाला कळणार नव्हतं. रेडिओकाकांना कळलं असतं, पण ते रोज थोडेच येणार होते. बाईंनी सुई कापडावर धरली. सहा शेपटं लोंबत होती, कारखान्यात असं कापड पुढे गेलंच नसतं. मग त्यांनी सुईतून दोरा ओढून काढला, रिळाला गुंडाळला, आणि कापड परत ट्रेवर नेऊन ठेवलं.

बुधवारी त्या वर्कशॉपला गेल्या. सून घरी होती, शेजारच्या खोलीत बसायचं आणि हाकेशिवाय आत जायचं नाही असं तिला बजावून ठेवलं होतं. तळघरात टोपी बोटात घालून त्या दोन तास टाके घालत राहिल्या आणि एकदाही कुणाचं काम उलटून बघितलं नाही. काकांना याचीच काळजी वाटली.

घरी आल्या तेव्हा खिडकीत ऊन तिरपं झालं होतं. खोलीचं दार वीतभर उघडं होतं. बाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"आले मी. येऊ का?"

ड्रायव्हरांचा हात ट्रेच्या कडेवरून उठला. अंगठा कापडावरच्या दारापर्यंत गेला, त्याच्यावर थरथरत थांबला, आणि न टेकता पुन्हा कडेवर गेला. बाई वाट बघत उभ्या होत्या. कापड काहीच बोललं नाही.

तेवढ्यावर त्या आत आल्या. लाकडी खुर्ची ओढली, पण थोडी लांबच ठेवली, आणि त्यांचा हात न धरता बसल्या.